इंजिन बंद पडलं, आता रान कुठलं? सोलापूर भागात छोटं विमान शिकणाऱ्यांसाठी

एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं म्हणजे विमान कोसळलंच, असा बहुतेकांचा समज असतो. फ्लाइंग शिकायला निघालेल्या पोरापोरींच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. खरं तर सेस्ना १५२ किंवा १७२ सारखं विमान इंजिनाशिवायही नीट उडतं, फक्त उंची टिकवू शकत नाही. वारा नसेल तर दर हजार फुटांमागे ते साधारण दीड नॉटिकल मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. उंची मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास कमी होते.

हातात असलेल्या या मिनिटांत विमानाचं काय करायचं ते हँडबुकात लिहिलेलं असतं आणि प्रशिक्षक ते पाठ करून घेतात. खाली जमिनीवर काय आहे, ते मात्र हँडबुकात सापडत नाही. म्हणून या लेखाचा भर जमिनीवर आहे. माझं ठाम मत आहे की सोलापूर भागात उडणाऱ्याला काळी माती, ऊस, ज्वारी आणि शेतपंपाच्या तारा वरून ओळखता आल्याच पाहिजेत. ज्याला रान वाचता येतं तो निर्णय लवकर घेतो, आणि लवकर घेतलेला निर्णय पुढच्या बऱ्याच चुका पोटात घेतो.

खाली दिलेले स्पीड सेस्ना १५२ आणि जुन्या १७२ चे आहेत. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्या हँडबुकातून घ्या, आणि यातली कुठलीही गोष्ट प्रशिक्षक शेजारी नसताना करून पाहू नका.

निघण्याआधी

इंजिन बंद पडण्याची बरीच कारणं जमिनीवरच सापडतात. रोज पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर टाक्यांच्या तळातून आणि गाळणीतून थोडं इंधन काढून पारदर्शक कपात बघा. आपलं एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. पाणी असेल तर ते तळाला थेंबाथेंबाने वेगळं दिसतं. पावसाळ्यात रात्रभर अर्ध्या रिकाम्या टाक्यांनी उभ्या राहिलेल्या विमानात हे हमखास तपासा. इंधन किती आहे ते काट्यावरून ठरवू नका. पंखावर चढून मोजपट्टी टाकीत घाला.

उन्हाचा हिशोबही आधी करायचा. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,५८० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की विमानाला ही हवा जवळपास ५,३०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. चढाई मंदावते. उतरताना काट्यावर नेहमीचाच स्पीड दिसतो, पण जमिनीवरून तुम्ही सुमारे आठ टक्के जास्त वेगाने सरकत असता. म्हणजे तेच विमान थांबायला मेमध्ये जास्त लांब रान लागतं.

उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, हे नवख्यांच्या डोक्यातून घाईत निसटतं. काट्यावर ४,६०० असेल तर विमानतळाजवळ होटगीच्या आसपास तुमच्या पायाखाली तीन हजार फूटच आहेत. बालाघाटावर तुळजापूरकडे गेलात की जमीनच पाचेकशे फुटांनी वर आलेली असते आणि तेवढी उंची तुमच्या हिशोबातून वजा होते.

उड्डाण घेताच इंजिन गेलं तर

ही सगळ्यात कमी वेळाची परिस्थिती. नाक लगेच खाली करा, कारण चढताना नाक वर असतं आणि ताकद गेली की स्पीड काही सेकंदांत संपतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असतील तर स्पीड ६५ नॉट (ताशी नॉटिकल मैल), खाली असतील तर ६०. मग समोर, फार तर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मिळेल तिथे उतरा.

धावपट्टीकडे मागे वळायचा मोह जीवघेणा आहे. तिथे परत यायला १८० अंश पुरत नाहीत. दोनशेच्या वर वळून पुन्हा सरळ व्हावं लागतं. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा स्पीड (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो) जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी वाढतो, आणि हे सगळं जमिनीपासून चारपाचशे फुटांवर करायचं असतं. किती उंचीच्या खाली मागे वळणार नाही, तो आकडा प्रशिक्षकाबरोबर बसून ठरवा. प्रत्येक उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून तो मोठ्याने म्हणा.

आपली धावपट्टी १५/३३ आहे, म्हणजे १५ वरून निघालं की नाक दक्षिण-आग्नेयेकडे, ३३ वरून उत्तर-वायव्येकडे, आणि शहर तिच्या उत्तर-वायव्येला आहे. ३३ वरून निघालात तर नाक घरांकडे असतं. वारा मंद असेल आणि टॉवरची हरकत नसेल तर मी १५ मागून घ्यायला सांगेन, कारण त्या अंगाला मोकळं रान लवकर लागतं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची वादात सापडलेली चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. पण विजेच्या तारा, पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचे मनोरे आहेतच. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा भाग एकदा मोटारसायकलवरून फिरून बघा. नकाशात न दिसणारं बरंच काही दिसेल.

उंचीवर असताना: आधी स्पीड

इंजिन फडफडलं किंवा एकदम शांतता झाली की पहिलं काम एकच, विमान ग्लाइड स्पीडवर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जायच्या स्पीडवर आणणं. १५२ ला ६० नॉट, १७२ ला मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८. क्रूझच्या (सरळ प्रवासाच्या) जादा स्पीडची उंची करून घ्या, मग नाक ग्लाइड स्पीडला बसवून ट्रिम करा, म्हणजे दांडी न धरताही ते तिथेच राहील. ट्रिम केलं की हात मोकळा होतो आणि डोळे बाहेर जातात.

लगेच दुसरं काम वाऱ्याचं. तो कुठून येतोय हे इंजिन चालू असतानाच माहीत असायला हवं. पावसाळ्यात इकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून, थंडीत बऱ्याचदा पूर्व-ईशान्येकडून येतो. पण ठोकताळ्यावर विसंबू नका, खाली खुणा भरपूर असतात. गाळप हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर, पाचट पेटवलेल्या फडाचा धूर, कच्च्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमागची धूळ. शेततळ्यात ज्या काठाला पाणी संथ दिसतं, त्या काठाकडून वारा येतो. समजा विमान ४५ नॉटला टेकतं आणि वारा १५ चा आहे. वाऱ्यासमोर टेकलात तर जमिनीवरचा वेग ३०, वारा पाठीशी घेऊन टेकलात तर ६०. वेग दुप्पट म्हणजे जिरवायची ऊर्जा चौपट.

रान निवडताना

तीन हजार फुटांवरून सरळ रेषेत आठेक किलोमीटर जाता येतं आणि चार मिनिटं मिळतात. पण वळायचंही असतं, वाऱ्याला तोंडही द्यायचं असतं. म्हणून निम्म्या अंतराच्या आतलंच रान शोधा. लांबच्या सुंदर रानापेक्षा जवळचं बरं रान केव्हाही चांगलं. अगदी पंखाखालचं रानही बघा. नजर पुढे लागलेली असते आणि उत्तम जागा मागे सुटते.

लांबीचा अंदाज आपल्याला एकरांत बांधता येतो. चौकोनी एक एकर म्हणजे एका बाजूला जेमतेम ६४ मीटर. १५२ ला पक्क्या धावपट्टीवर टेकल्यापासून थांबायला दीडदोनशे मीटर लागतात. शेतात माती विमानाला लवकर ओढून धरते, पण टेकण्याआधी बांधावरची बाभळ ओलांडायची असते, ते अंतर वेगळं. म्हणून लांबट पट्टी शोधा, किंवा बारीक बांधांची लागोपाठ दोनतीन रानं. शेवटचा बांध मोडून विमान थांबलं तर विमान मोडेल, माणूस बहुधा चालत बाहेर येईल.

आता माती. पावसाळ्यात वरून सगळ्यात मोहात पाडणारं दृश्य म्हणजे काळंभोर, सपाट, मोकळं रान. आपल्याकडे रब्बीच्या ज्वारीसाठी काळी राखून ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर अशी रानं पुष्कळ दिसतात. पण ओल्या काळ्या मातीत माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो. विमानाचं पुढचं चाक रुतलं की विमान पुढच्या पुढे उलटू शकतं. त्या दिवसांत मुरमाड माळ शोधा. तो फिकट, तांबूस-करडा दिसतो, पाणी धरत नाही, वर खुरटं गवत असतं. दगड असतात, पण चाक रुतत नाही. माळाच्या उतारावर उतरायचं झालं तर चढाच्या दिशेने उतरा.

ऑक्टोबरमध्ये उडीद किंवा सोयाबीन निघालेलं रान चांगलं. थंडीत हरभऱ्याचं रान मला सगळ्यात आवडतं. पीक गुडघ्याच्या खाली, जमीन बऱ्यापैकी घट्ट, आणि वरून ते बुटकं हिरवं सहज ओळखू येतं. शेजारची मालदांडी ज्वारी तेव्हा माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते. ती हलकी आहे, विमान त्यात मंद होईल, पण आत काय आहे ते दिसत नाही. दुसरं काहीच नसेल तर कणसांच्या शेंड्यांनाच जमीन समजून, कमीत कमी स्पीडला, पंख समतल ठेवून टेका. उसाचंही तसंच. वरून तो मऊ हिरवा दिसतो, पण दाट फड दहा-बारा फुटांचा असतो आणि कांडी जाड असते. तोडणी झालेल्या उसाच्या रानात सऱ्या खोल असतात. तिथे उतरणं भागच पडलं तर सरीच्या दिशेनेच. आडवं कधीही नाही, मग वारा थोडा बाजूने आला तरी चालेल.

मार्चनंतर ज्वारी काढलेली, धसकटं उभी असलेली रानं मिळतात. ती चांगली. नांगरट झालेली वाईट, कारण काळ्या मातीची ढेकळं उन्हात वाळून दगडाइतकी कडक होतात. नांगरट जवळून खडबडीत आणि गडद दिसते, धसकटांचं रान पिवळट आणि सारखं दिसतं. फरक हजार फुटांवरून स्पष्ट कळतो, तीन हजारांवरून कळत नाही. म्हणून पहिल्या निवडीजवळच एक पर्यायी रान डोळ्यांसमोर ठेवा, पण हजार फुटांच्या खाली बेत बदलू नका.

काही जागा निवडीतून सरळ काढूनच टाका. द्राक्षबाग ही त्यातली पहिली. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा यांच्यात छोटं विमान म्हणजे कापलं जाणं. उत्तर सोलापूर आणि बार्शीकडे बागा दाट आहेत, वरून त्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबाच्या रांगाही टाळा.

तारा

तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. आणि खांब दिसला नाही तरी विहीर दिसते. आपल्या भागात बहुतेक विहिरींवर आणि बोअरवर विजेची मोटर आहे. म्हणजे जिथे विहीर तिथे तार, ही खूणगाठ बांधून ठेवा. विहिरीपासून सगळ्यात जवळच्या डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) मनात रेघ ओढा, तार तिथेच असणार. रस्त्याच्या कडेलाही खांबांची रांग असणार, असं धरूनच चाला.

दक्षिण सोलापुरात आणखी जपायला हवं. एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आणि पॉवरग्रिडचं उपकेंद्र यांमुळे तिथे अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचं जाळं आहे. दक्षिणेची ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडणारी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनीही त्यातलीच. या मनोऱ्यांच्या अगदी वरून जाणारी बारीक तार डोळ्यांना लागतच नाही. ओलांडायचीच वेळ आली तर मनोऱ्याच्या डोक्यावरून ओलांडा, दोन मनोऱ्यांच्या मधून नाही.

‘मग हायवेवरच का उतरू नये?’ असं नवखे विचारतात. पुणे–हैदराबाद रस्त्यावर वाहनं, दुभाजक, उड्डाणपूल, आडवे फलक आणि आडव्या जाणाऱ्या तारा आहेत. शिवाय खालच्या माणसांनी हा धोका पत्करलेला नसतो. तो पर्याय शेवटचा. उजनीचं पाणी किंवा हिप्परग्याचा तलावही शेवटचाच. पक्क्या चाकांचं विमान पाण्याला टेकताच उलटण्याची शक्यता मोठी असते.

इंजिन पुन्हा चालू होतंय का?

रानाकडे वळल्यावरच हे काम हाती घ्या. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) सगळ्यात आधी, कारण तिला गरम एक्झॉस्ट लागतो आणि इंजिन थंड होत चाललेलं असतं. मग १५२ मध्ये इंधनाचा कॉक चालू आहे का, १७२ मध्ये सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) आहे का, मिक्श्चर रिच (हवेत इंधनाचं प्रमाण जास्त), प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन ढकलणारा हातपंप) आत आणि कुलूपबंद, मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रं) ‘बोथ’. पंखा (प्रोपेलर) थांबला असेल तर स्टार्टर.

कार्ब्युरेटरमध्ये बर्फ फक्त थंडीतच धरतो असं समजू नका. हवा दमट असेल तर बाहेर पंचवीस-तीस अंश असतानाही तो धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये थ्रॉटल कमी करून उतरत असताना आरपीएम हळूहळू घसरायला लागला, तर पहिला संशय बर्फाचाच घ्या. हीट दिल्यावर वितळलेलं पाणी आत गेल्याने इंजिन आधी आणखी खडखडतं. घाबरून हीट बंद करू नका.

इंजिन अर्धवट चालू झालं तर त्याच्या जोरावर विमानतळ गाठायचा बेत आखू नका. ते पुन्हा बंद पडेल तेव्हा खाली निवडलेलं रान नसेल.

मेडे

ज्या फ्रिक्वेन्सीवर आहात तिथेच बोला. उत्तर नाही आलं तर १२१.५. ट्रान्सपाँडर (रडारला विमानाचा संकेतांक कळवणारं यंत्र) असेल तर ७७००. ‘मेडे, मेडे, मेडे’ ही संकटाची हाक, मग कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), विमानाचा प्रकार, इंजिन बंद, शेतात उतरतोय, ठिकाण, उंची, किती माणसं. ठिकाण सांगताना ओळखीची खूण द्या: ‘मोहोळच्या पूर्वेला, सीना नदीजवळ’. बोलण्यात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. विमान उडवणं यापेक्षा महत्त्वाचं आहे.

शेजारी कुणी असेल तर पट्टा घट्ट, खिशातल्या टोकदार वस्तू बाहेर, चष्मा काढलेला, आणि टेकायच्या आधी चेहऱ्यासमोर जाड कपडा.

उतरणं

रानाच्या डोक्यावर दीड-दोन हजार फुटांवर असाल तर तिथेच घिरटी घाला, लांब जाऊ नका. वाऱ्याच्या दिशेने जाताना, टेकायची जागा पंखाच्या रेषेत येईल तेव्हा जमिनीपासून हजार फूट उंची हवी. मग नेहमीच्या सर्किटसारखं (उतरण्याआधीच्या चौकोनी फेरीसारखं) वळा, फक्त जरा जवळून. नेम आधी रानाच्या एकतृतीयांश आत धरा. पोहोचणार याची खात्री झाली की फ्लॅप टाकत नेम अलीकडे आणा. उंची जास्त वाटली तर फ्लॅप आहेत, साइडस्लिप (विमान तिरकं घसरवत उंची कमी करणं) आहे. कमी पडली तर उपाय नाही. नाक वर ओढून विमान लांब जात नाही, ते स्टॉल होतं. लहान विमानांतली बरीच माणसं इथेच जातात.

उतरणं पक्कं झालं की मिक्श्चर कट, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, शेवटचे फ्लॅप घेऊन झाल्यावर मास्टर बंद. दारं किलकिली करून ठेवा, म्हणजे सांगाडा वाकला तरी ती अडकणार नाहीत.

टेकताना स्पीड कमीत कमी, शेपूट किंचित खाली, पंख समतल. पुढचं चाक शक्य तितका वेळ वर धरा. वेग कमी ठेवायचं महत्त्व आकड्यांत बघा. ताशी ८० किलोमीटरने टेकलेलं विमान ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) इतका झटका देत थांबायला सुमारे तीन मीटर पुरतात. ताशी १६० असेल तर सुमारे सव्वाअकरा मीटर लागतात. पट्टा बांधलेलं शरीर थोडा वेळ तेवढा झटका सोसू शकतं. समोर झाडं आलीच तर नाक दोन झाडांच्या मध्ये घाला आणि पंख जाऊ द्या. केबिन वाचली पाहिजे.

उतरल्यावर

बाहेर पडा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला पन्नासेक मीटर लांब जा. अपवाद एकच. विमानावर तुटलेली तार पडली असेल आणि आग नसेल, तर महावितरणने वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत आतच थांबा. ईएलटी (अपघातानंतर ठिकाण कळवणारा रेडिओ) आपोआप सुरू झाला नसेल तर हाताने सुरू करा. त्याचा ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात जातो. फोन लागत असेल तर ११२.

मदतीला सगळ्यात आधी वस्तीवरची माणसं येतात. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून निघालेलं प्रशिक्षणाचं विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडलं, तेव्हाही गावकरीच आधी धावले आणि शिकाऊ वैमानिक तरुणी वाचली. अशा लोकांना स्पष्ट शब्दांत सांगा: ‘दादा, बिडी-काडी नको, पंख्याला हात लावू नका, पोरांना लांब ठेवा.’ पंखा थांबलेला असला तरी मॅग्नेटोमुळे हाताने हलवताच तो फिरू शकतो. मणक्याला मार लागलेल्या माणसाला आग नसेल तर हलवू नका, रुग्णवाहिका येऊ द्या.

माणसं बाहेर काढण्यापुरतं सोडून अवशेषांना हात लावू देऊ नका. डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) आणि अपघात तपास विभाग येईपर्यंत ते जसेच्या तसे राहायला हवेत. आणि ज्याच्या रानात उतरलात त्या शेतकऱ्याचं नाव, गट नंबर लिहून घ्या. त्याचं उभं पीक मोडलेलं असतं, बघ्यांच्या गर्दीने आणखी तुडवलं जातं. तलाठ्याकडून पंचनामा त्याच दिवशी करून घ्यायला त्याला सांगा, आणि विमानाच्या विम्यात अशा नुकसानीची भरपाई बसते का, ते मालकाकडून उड्डाणाआधीच विचारून ठेवलेलं असू द्या.